जाळं पॅकेट टाकून देतं, तरी फाइल पूर्ण कशी पोचते?

प्रश्न (थोडक्यात): नेटवर्कच्या कामाला लागून सहा महिने झाले. नेटवर्कच्या कामाचे सात थर (ओएसआय मॉडेल) तोंडपाठ आहेत, टीसीपीचा (डेटा खात्रीनं पोचवणाऱ्या नियमांचा) हँडशेक, म्हणजे जोडणी जुळवणारी सुरुवातीची देवाणघेवाण, झोपेतही काढून दाखवीन. पण मुळातल्या तीन गोष्टी कुणी नीट सांगत नाही. एक, ‘डिजिटल’ झाल्यानं नेमकं काय साधलं? तारेतून शेवटी वीजच जाते ना? दोन, गर्दी झाली की राउटर (डेटा योग्य वाटेनं पुढे ढकलणारं यंत्र) सरळ पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, टाकून देतो, हे चालतंच कसं? तीन, हे सात थर खरंच कुठे असतात का?

उत्तर:

तारेतून वीजच जाते, आणि तीही ओबडधोबड. दूरच्या टोकाला ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून बघा. पुस्तकातल्या चौकोनी लहरी कुठेच दिसणार नाहीत. कोपरे झिजलेले असतात, वरून नॉइज (नको असलेली खरखर) चढलेला असतो, आणि आधीच्या बिटाची (शून्य किंवा एकाची) शेपटी पुढच्या बिटात घुसलेली असते. म्हणजे फरक तारेत नाहीच. फरक आहे तो पलीकडे ऐकणाऱ्या यंत्रात. अ‍ॅनालॉग यंत्र आलेला सिग्नल जसाच्या तसा खरा मानतं. डिजिटल यंत्र मात्र ठरलेल्या क्षणी त्याच्याकडे बघतं आणि निकाल देऊन मोकळं होतं: हा शून्य, हा एक. अधलंमधलं काही त्याला मंजूरच नसतं.

या हट्टाची किंमत लांबच्या अंतरावर कळते. अ‍ॅनालॉग लाइनवर दर काही मैलांवर अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि तो आवाजाबरोबर नॉइजही वाढवतो. पुढचा अ‍ॅम्प्लिफायर त्या वाढलेल्या नॉइजला आणखी वाढवतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं पुसट होत जातात, तसाच हा प्रकार. डिजिटल लाइनवरचा रिपीटर सिग्नल वाढवत नाही, तो वाचतो आणि नव्यानं लिहून काढतो. प्रत्येक टप्प्यावर कुणी मजकूर वाचून कोऱ्या कागदावर उतरवत गेलं, तर शंभरावी प्रतही पहिलीसारखीच असेल. अट एवढीच की वाचणारा चुकता कामा नये.

पण तो चुकतो. क्वचितच, पण चुकतोच. वीसेक वर्षं या कामात घालवल्यावर मला हा सगळा इतिहास एकाच गोष्टीचा वाटतो: चूक होणारच, मग तिचं करायचं काय? तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरंही याच धाग्यावर ओवता येतात, म्हणून जरा मागून सुरू करतो.

डिजिटल संदेशवहन टेलिफोनच्या आधीचं आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सॅम्युअल मोर्सनं १८४४ मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारेवरून संदेश पाठवला, तो डिजिटलच होता: प्रवाह चालू किंवा बंद, थोडा वेळ किंवा जास्त वेळ. अ‍ॅनालॉग टेलिफोन त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी आला. म्हणजे आपण अ‍ॅनालॉगकडून डिजिटलकडे आलो असं म्हणतो, ते खरं तर परत आलो असं म्हणायला हवं.

तारयंत्राच्या काळातला सगळ्यात शिकण्यासारखा किस्सा १८५८ चा आहे. अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली केबल टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे १६ तास लागले. एवढी लांब केबल म्हणजे एक प्रचंड कपॅसिटर, वीज साठवून धरणारा. इकडे दिलेला छोटासा ठोका तिकडे पसरट होऊन निघतो आणि शेजारच्या ठोक्यात मिसळतो. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी आधीच गणित मांडलं होतं की हा पसरटपणा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. केबलच्या विजेची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्या वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे मान्य नव्हतं. सिग्नल पोचत नाही ना? मग व्होल्टेज वाढवा. त्यांनी सुमारे २,००० व्होल्टपर्यंत मजल मारली, आणि आधीच कमकुवत असलेलं आवरण त्यात खलास झालं. काही आठवड्यांतच केबल मुकी झाली. १८६६ मध्ये टिकाऊ केबल पडली, ती थॉमसन यांच्या वाटेनं: तांबं जाड, व्होल्टेज कमी, आणि पलीकडे आरसा लावलेला अतिसंवेदनशील गॅल्व्हानोमीटर (बारीकसा प्रवाहही दाखवणारं उपकरण). ओरडणाऱ्याचा घसा वाढवायचा नाही, ऐकणाऱ्याचा कान तयार करायचा. वायफाय नीट चालत नाही म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंटची पॉवर शेवटच्या टोकापर्यंत वाढवणारे आजही भेटतात, तेव्हा मला व्हाइटहाउस आठवतात. अ‍ॅक्सेस पॉइंटचा आवाज मोबाइलपर्यंत जाईल हो, पण मोबाइलचा आवाज परत यायला नको का?

मोर्सच्या कोडमध्ये प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी होती. माणसाच्या कानाला ते सोपं, यंत्राला अवघड. फ्रान्समध्ये एमिल बोदो यांनी १८७० च्या दशकात प्रत्येक अक्षराला सारख्याच पाच खुणा दिल्या. पाच खुणा म्हणजे ३२ जोड्या. तेवढ्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही बसत नाहीत, म्हणून ‘आता आकडे’ आणि ‘आता अक्षरं’ असं सांगणारी शिफ्टची खूण ठेवली. शिवाय एकाच तारेवर अनेक ऑपरेटरांना आळीपाळीनं वेळ वाटून देण्याची सोय त्यांनी केली. आज आपण टाइम-डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणतो ते हेच. ‘बॉड’ हे एकक त्यांच्याच नावावरून आलं. इथे एक गल्लत कायमची काढून टाका: बॉड म्हणजे सेकंदाला किती वेळा खूण बदलली, बिट पर सेकंद म्हणजे त्यातून किती माहिती गेली. एका खुणेत चार बिट भरले तर २,४०० बॉडवर ९,६०० बिट जातात. दोन्ही आकडे सारखे असणं हा योगायोग आहे, नियम नाही.

आवाज डिजिटल करण्याची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज यांची, १९३७-३८ मधली. तेव्हा ती परवडणारी नव्हती, कारण व्हॉल्व्हच्या जमान्यात एवढी सर्किटं बांधणार कोण? ट्रान्झिस्टर आल्यावर १९६२ मध्ये अमेरिकेत टी-१ ही डिजिटल फोन लाइन सुरू झाली. बोलण्यातला उपयोगाचा भाग साधारण ४,००० हर्ट्झच्या आत मावतो. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या कामातून निघालेला नियम सांगतो की त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ८,००० नमुने घेतले तर पुरे. दर नमुन्याला ८ बिटांची जागा, म्हणजे ६४,००० बिट पर सेकंद. असे २४ जण एका फ्रेममध्ये (बिटांच्या एका गठ्ठ्यात) बसवले, फ्रेम कुठे सुरू होते ते कळायला एक बिट जादा घेतला, की १९३ बिट झाले. त्याला ८,००० नं गुणा: १५,४४,०००. जुन्या लीज्ड लाइनच्या कागदांवर दिसणारा १.५४४ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट म्हणजे १ एमबीपीएस) हा विचित्र आकडा इथून आलाय. लाइनवर दर ६,००० फुटांच्या आसपास एक रिपीटर असे आणि तो वर सांगितलं तसं वाचून पुन्हा लिहून काढण्याचं काम करी.

आता चुकांकडे येऊ. १९४८ पर्यंत इंजिनिअरांची ठाम समजूत होती की नॉइज असलेल्या लाइनवर चुका कमी करायच्या तर वेग कमी करत जायचं, आणि चुका अगदीच नको असतील तर वेग शून्याकडे न्यायचा. क्लॉड शॅनन यांनी त्या वर्षी सिद्ध केलं की हे खरं नाही. प्रत्येक लाइनला तिची एक मर्यादा असते. ती लाइन किती रुंद आहे (किती हर्ट्झ पेलते) आणि सिग्नल नॉइजच्या किती पट आहे, यावरून ती काढता येते. त्या मर्यादेच्या आत राहिलात तर, माहिती पुरेशी हुशारीनं गुंफली की, चुका हव्या तितक्या कमी करता येतात. मर्यादा ओलांडलीत तर कितीही हुशारी करा, फुकट.

आकडे घालून बघा. फोनची लाइन साधारण ३,००० हर्ट्झ रुंद. सिग्नल नॉइजच्या हजारपट धरला तर मर्यादा येते साधारण ३०,००० बिट पर सेकंद. १९६२ च्या सुमाराचे मोडेम (फोनच्या लाइनवरून डेटा पाठवणारी यंत्रं) ३०० बिटांवर चालायचे, म्हणजे मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्यावर. पुढची तीसेक वर्षं मोडेम बनवणारे त्या मर्यादेकडे सरकत राहिले आणि १९९० च्या दशकात ३३,६०० वर येऊन थांबले. चांगल्या लाइनची मर्यादा थोडी वर असते, पण तिथेही त्यापुढे जागाच उरली नव्हती. मग ५६ हजारवाले मोडेम कसे आले? शॅननला चकवून नाही. सेवा देणाऱ्याच्या बाजूनं लाइन तोवर डिजिटल झालेली होती, त्यामुळे येण्याच्या दिशेला अ‍ॅनालॉगचं डिजिटल करण्याचा एक टप्पा आणि त्याचा नॉइज गळून पडला. म्हणूनच तो वेग फक्त डाउनलोडला मिळायचा.

मर्यादा आहे हे शॅनननी सांगितलं, पण तिथे पोचवणारा कोड कसा बनवायचा हे सांगितलं नाही. शॅनन ज्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत होते, तिथेच रिचर्ड हॅमिंग वैतागलेले होते. शनिवार-रविवारी रिलेवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर ते काम लावून जात, यंत्राला मध्येच चूक सापडे, आणि सुटीमुळे जवळ कुणी नसल्यानं ते काम सोडून देऊन पुढच्या कामाला लागे. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? १९५० मध्ये त्यांनी उत्तर छापलं. चार बिट माहितीचे, तीन बिट तपासणीचे. तपासणीचा प्रत्येक बिट माहितीतल्या काही ठरावीक बिटांवर लक्ष ठेवतो. पलीकडे तीन हो-नाही प्रश्न विचारायचे. तीन प्रश्नांची उत्तरं आठ तऱ्हांनी येऊ शकतात: सातपैकी अमुक जागेवर चूक, किंवा सगळं ठीक. आठला आठ बरोबर जुळले, एकही वाया नाही. मी पहिल्यांदा कागदावर हे करून बघितलं तेव्हा अर्धा तास नुसता खूश होतो. तुम्हीही करून बघा, वाचून ती मजा येत नाही.

त्यानंतर कोडांची रांगच लागली. रॉबर्ट गॅलागर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेला एलडीपीसी कोड तीसेक वर्षं धूळ खात पडला, कारण तो सोडवायला लागणारी ताकद तेव्हाच्या यंत्रांत नव्हती. आज तो वायफायमध्ये आणि ५जीमध्ये आहे. तुमच्या खिशातल्या फोनला हवेतून येणारे बिट सर्रास चुकीचे वाचले जातात, आणि तुम्हाला पत्ता लागायच्या आत दुरुस्त होतात.

चुकीवरचा दुसरा उपाय सोपा: ओळखा आणि ‘पुन्हा पाठव’ म्हणा. कुठला उपाय कधी वापरायचा हे अंतर ठरवतं. दूरवर गेलेल्या व्हॉयेजर-१ या अंतराळयानाला सिग्नल जायलाच २० तासांहून जास्त लागतात. तिथे ‘पुन्हा सांग’ म्हणून दोन दिवस वाट बघण्यात अर्थ नाही, दुरुस्तीचं सामान निरोपाबरोबरच पाठवावं लागतं. जमिनीवर फेरी काही मिलीसेकंदांची, तिथे पुन्हा मागवणं स्वस्त पडतं.

इथवर एक तार आणि तिची दोन टोकं होती. आता जाळ्याकडे.

टेलिफोनचं जाळं कॉल लागला की दोघांसाठी पूर्ण रस्ता राखून ठेवायचं. दोघंही गप्प बसले तरी रस्ता अडलेलाच. माणसांच्या बोलण्याला हे चालून जातं. पण कॉम्प्युटर एकदम भडाभडा बोलतो आणि मग कितीतरी वेळ काहीच बोलत नाही. त्याच्यासाठी रस्ता राखणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. निरोपाचे छोटे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता लिहा, आणि ज्याला जशी जागा मिळेल तसा तो पुढे जाऊ द्या, ही कल्पना १९६० च्या दशकात दोघांना स्वतंत्रपणे सुचली. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस. ‘पॅकेट’ हा शब्द डेव्हिस यांचा. बॅरन यांच्यापुढे अणुहल्ल्यानंतरही टिकणारं जाळं हा प्रश्न होता, डेव्हिस यांना एकाच कॉम्प्युटरवर अनेकांनी काम करण्याची सोय नीट करायची होती. यातूनच ‘इंटरनेट अणुयुद्धासाठी बांधलं’ ही दंतकथा निघाली. बॅरन यांचा अभ्यास त्यासाठी होता हे खरं; पण प्रत्यक्ष बांधलं गेलेलं अर्पानेट (इंटरनेटचं पूर्वज जाळं) महागडे कॉम्प्युटर दुरून वापरता यावेत म्हणून होतं.

२९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस अँजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला निरोप गेला. ‘लॉगिन’ टाइप करायचं होतं. एल गेला, ओ गेला, आणि पलीकडचा कॉम्प्युटर बसला. तासाभरानं पुन्हा करून जमलं. पहिल्याच दिवशी पहिलीच चूक, आणि ‘पुन्हा पाठव’नं निभावली!

अर्पानेटमध्ये प्रत्येक ठिकाणी आयएमपी नावाचा एक मिनीकॉम्प्युटर नोड म्हणून बसवलेला असे, आणि निरोप नीट पोचवण्याची हमी हे नोडच घेत. टोकाच्या कॉम्प्युटरांनी निर्धास्त राहावं. ऐकायला छान. पण २७ ऑक्टोबर १९८० ला काय झालं ते सांगतो. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असायलाच हवी असं माझं मत आहे.

प्रत्येक नोड आपल्या लाइनींची अवस्था थोड्या थोड्या वेळानं सगळ्यांना कळवायचा. नवा अपडेट कुठला ते कळावं म्हणून त्यावर ६ बिटांचा क्रमांक असायचा, ० ते ६३, आणि मग पुन्हा ० पासून. घड्याळासारखं गोल असल्यानं नियम असा, की पुढच्या अर्ध्या फेरीत येणारा क्रमांक नवा मानायचा. त्या दिवशी एका नोडच्या मेमरीत बिट गळत होते. त्यातून एकाच नोडचे तीन अपडेट जाळ्यात फिरायला लागले: ४४, ४० आणि ८. बायनरीत लिहा: १०११००, १०१०००, ००१०००. एकेक ‘एक’ गळत गेलाय, दिसतंय ना? आता नियम लावा. ४४ हा ४० पेक्षा नवा. ४० हा ८ पेक्षा नवा. आणि फेरी पूर्ण होऊन येणारा ८ हा ४४ पेक्षा नवा! तिघंही एकमेकांपेक्षा नवे. प्रत्येक नोड नव्यानं आलेला अपडेट जुन्यावर लिहून शेजाऱ्यांकडे धाडत राहिला, आणि या कामाला अग्रक्रम असल्यानं बाकी सगळं ठप्प झालं. जाळं काही तास बंद होतं. त्या एका नोडच्या अपडेटकडे दुर्लक्ष करायला सांगणारा पॅच नोडांवर चढवला, तेव्हा कुठे ते ताळ्यावर आलं.

यातली मेख ध्यानात घ्या. लाइनीवर चुका पकडायची चोख व्यवस्था होती. पण चूक लाइनीवर झालीच नाही, ती नोडच्या पोटात झाली. पॅकेट एका तारेतून तपासून आत घेतलं, मेमरीत बिघडलं, आणि बिघडलेल्यावर नवी तपासणी-बेरीज (चूक कळावी म्हणून जोडलेला आकडा) मारून बाहेर पाठवलं. पुढच्याला ते अस्सलच वाटणार. एमआयटीच्या जाळ्यातही असंच घडलं होतं. दोन जाळी जोडणाऱ्या एका गेटवेमध्ये डेटा एका बफरमधून (तात्पुरत्या साठ्यातून) दुसऱ्यात उतरवताना साधारण दहा लाख बाइटांमागे एका जोडीची अदलाबदल होत होती. टप्प्याटप्प्याची तपासणी सगळी पास, आणि तरी कालांतरानं सोर्स कोडच्या फायली नासलेल्या निघाल्या. लोकांना जुन्या छापील प्रतींशी ताडून त्या हातानं दुरुस्त कराव्या लागल्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आलं. मधल्या सगळ्यांनी हमी घेतली तरी टोकाला स्वतः तपासावंच लागतं. आणि टोकाला तपासायचंच असेल, तर मधल्यांवर हमीचं ओझं कशाला? फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी सिक्लाद नावाच्या जाळ्यात १९७० च्या दशकातच हे करून दाखवलं: जाळं फक्त प्रयत्न करेल, हरवलेल्याचा हिशेब टोकांनी ठेवायचा. १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी टीसीपी मांडला, तो याच वळणावर. आधी एकच असलेला प्रोटोकॉल (बोलण्याचे नियम) पुढे दोन भागांत फोडला: आयपी फक्त पत्ता बघून ढकलेल, टीसीपी टोकाला बसून क्रमांक लावेल, पोच घेईल, हरवलेलं पुन्हा मागवेल. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट या जोडीवर आलं. मधलं जाळं एवढं निरिच्छ असल्यामुळेच त्याखाली काहीही चालतं: तांबं, काच, उपग्रह, वायफाय. आयपी कुणाकडून कसलीच हमी मागत नाही.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग गर्दीचा. इथे थोडं हवाई बेटांवर जाऊन येऊ. तिथल्या विद्यापीठानं १९७१ मध्ये बेटं रेडिओनं जोडली. नियम एकच: मनात आलं की पाठवा, टक्कर झाली तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवा. गणित सांगतं की अशा चॅनलचा जेमतेम १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये यातूनच इथरनेट (केबलवरून कॉम्प्युटर जोडण्याची पद्धत) काढलं आणि त्यात दोन शिस्ती घातल्या. आधी ऐका, मग बोला. आणि टक्कर झाली की वाट बघण्याचा काळ दर वेळी दुपटीनं वाढवा, पण नेमका किती ते चिठ्ठी टाकून ठरवा. चिठ्ठी महत्त्वाची, नाहीतर दोघंही सारखंच थांबून पुन्हा एकदमच बोलतील.

ही दुसरी शिस्त सुरुवातीच्या टीसीपीत पुरेशी नव्हती, आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये त्याची फळं दिसली. बर्कलीतलं विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स प्रयोगशाळा यांच्यात अंतर सुमारे ४०० यार्ड. त्यांच्यातला वेग ३२,००० बिटांवरून ४० वर आला. चाळीस हजार नव्हे, चाळीस! तारा धडधाकट होत्या. झालं असं, की रांग लांबली, पोच यायला उशीर झाला, पाठवणाऱ्यांना वाटलं पॅकेट हरवलं, त्यांनी पुन्हा पाठवलं. रांगेत आता तेच पॅकेट दोनदा, तीनदा. लाइन भरून वाहत होती, पण वाहत होत्या त्या सगळ्या प्रतींच्या प्रती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये इलाज छापला. सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची, पोच येईल तसं वाढवत न्यायचं, आणि पॅकेट हरवलं की ‘रस्ता तुंबलाय’ असं समजून वेग झटक्यात खाली आणायचा.

म्हणजे राउटर पॅकेट टाकतो तेव्हा तो कामचुकारपणा करत नसतो, निरोप देत असतो. जाळ्यात कुणी मुकादम नाही, कुणाला किती पाठवायचं ते सांगणारं केंद्र नाही. पॅकेट गळणं हीच खूण, आणि तेवढ्यावर लाखो कॉम्प्युटर आपापला वेग जुळवून घेतात. हा निरोप वेळेवर दिला नाही तर काय होतं तेही आपण भोगलंय. मेमरी स्वस्त झाली तसे मोडेम आणि राउटर बनवणाऱ्यांनी भलेमोठे बफर घातले. पॅकेट टाकलंच जात नाही, रांगेत सेकंद-सेकंद पडून राहतं, पाठवणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं आणि तो आणखी ओततो. घरात एकानं व्हिडिओ अपलोड करायला लावला की दुसऱ्याचा कॉल अडखळतो, तो बऱ्याचदा यामुळे. २०१० नंतर यावर नेट धरून काम झालं. नव्या रांगा पॅकेट मुद्दाम लवकर टाकतात किंवा त्यावर खूण करतात.

आता या व्यवस्थेची काळी बाजू. जी चुका पचवते, ती चुका लपवतेही. मी नवखा असताना एका ठिकाणी मोठी फाइल कॉपी करायला रात्र लागत होती. पिंग उत्तम, लॉस शून्य, केबल बदलून झाली, सर्व्हरवाले आमच्याकडे बोट दाखवत होते आणि आम्ही त्यांच्याकडे. तीन दिवसांनी कुणीतरी स्विचचे (यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचे) काउंटर उघडले. सर्व्हरचं कार्ड १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर हातानं बांधलेलं, स्विचचं पोर्ट ऑटोवर. समोरून वाटाघाट होत नाही म्हटल्यावर पोर्टनं वेग ओळखला, पण डुप्लेक्स हाफ धरला. एक बाजू ‘दोघं एकदम बोलू शकतो’ या समजुतीत, दुसरी ‘आळीपाळीनं’ या. पिंग म्हणजे एक प्रश्न, एक उत्तर. टक्कर व्हायला वावच नाही. फाइल सुरू झाली की डेटा इकडून आणि पोच तिकडून, एकदम. टक्करच टक्कर. टीसीपीनं निमूटपणे एकेक पॅकेट पुन्हा पाठवून फाइल अचूक पोचवली, एक बाइट इकडचा तिकडे नाही. टीसीपी इतका इमानदार नसता तर बिघाड पहिल्या मिनिटाला सापडला असता.

आणखी एक गोष्ट लगे हाथ सांगतो, कारण तीही ‘लाइन तर चांगली आहे’ म्हणून फसवते. पोच येईपर्यंत टीसीपी एका खिडकीपुरताच डेटा सोडतो. ही खिडकी मूळ रचनेत जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटांची. फेरी १०० मिलीसेकंदांची असेल तर सेकंदाला दहा खिडक्या, म्हणजे साधारण ५.२ एमबीपीएस. लाइन १ जीबीपीएसची घ्या नाहीतर १० ची, एका कनेक्शनला तेवढंच. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, हजार किलोमीटरला एका बाजूनं ५ मिलीसेकंद, आणि त्याला घाई करायला लावणारं यंत्र मिळत नाही. पुढे खिडकी मोठी करायची सोय आली. पण मधल्या एखाद्या जुन्या फायरवॉलनं तो पर्याय खोडला की आकडा बरोब्बर पाचाच्या आसपास अडकतो. असा आकडा दिसला की लाइनवाल्याशी भांडायच्या आधी फेरीचा वेळ मोजा.

राहिले सात थर. आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेनं हे मॉडेल १९८४ मध्ये प्रमाण म्हणून काढलं, तोवर अर्पानेट टीसीपी-आयपीवर जाऊन वर्ष उलटलं होतं. त्यामुळे चालत्या जाळ्यात पाचवा (सेशन) आणि सहावा (प्रेझेंटेशन) थर वेगळे शोधत बसू नका, ती कामं अ‍ॅप्लिकेशनच उरकतं. एन्क्रिप्शनचा टीएलएस नेमका कुठल्या थरात, यावर वाद घालणारे दोघंही बरोबर असतात. बोलण्याची भाषा म्हणून मात्र थर उपयोगी आहेत: ‘लेअर टू चा प्रॉब्लेम आहे’ म्हटलं की समोरच्याला कुठे बघायचं ते कळतं.

मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. प्रत्येक थर खालच्याच्या चुका पोटात घेऊन वरच्याला ‘सगळं ठीक’ सांगतो. काचेच्या तंतूवरचे चुकलेले बिट दुरुस्ती-कोड गिळतो, त्यातून सुटलेली फ्रेम सीआरसी (चूक पकडणारी तपासणी) टाकून देतो, टाकलेली टीसीपी पुन्हा मागवतो, आणि वापरणाऱ्याला फक्त ‘आज जरा स्लो आहे’ एवढंच दिसतं. म्हणून वरून खाली उतरत प्रत्येक थराला विचारायचं की तू काय काय गिळलंस. टीसीपीचे रिट्रान्समिट, राउटरच्या रांगेतले ड्रॉप, पोर्टवरचे सीआरसी एरर, ऑप्टिकवरची दुरुस्त केलेल्या बिटांची मोजणी. उद्या कामावर गेलात की कुणाचीही तक्रार नसलेली एखादी लिंक निवडा आणि हे चार आकडे काढा. शून्य नसतील. काउंटर क्लिअर करू नका, तारीख-वेळेसकट वहीत उतरवून ठेवा. आठवड्यानं पुन्हा काढा आणि फरक मोजा.